नव्या खासदारांकडे कोणता प्रश्न न्यायचा?

२०२४ मध्ये लोकसभेत ५४३ पैकी २८० खासदार पहिल्यांदाच निवडून आले. मुंबईच्या वर्षा गायकवाड आणि अमरावतीचे बळवंत वानखडे त्यांपैकीच. दोघेही आधी आमदार होते. पण विधानसभेचे विषय वेगळे, लोकसभेचे वेगळे.

आपल्या परभणीचेच पाहा. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर अटक झालेल्या सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. पोलीस आणि तुरुंग हे राज्यसूचीतले विषय. त्यामुळे पोलिसांवरील कारवाईचा जाब विधानसभेत विचारायचा. दिल्लीत विचारायचे ते असे: ॲट्रॉसिटी कायद्याची अंमलबजावणी राज्यवार कशी आहे? राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे कोठडीमृत्यूच्या किती नोंदी आल्या? किती प्रकरणांत भरपाईची शिफारस झाली?

अशा प्रश्नाची नोटीस किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात, अतारांकित प्रश्नाला लेखी. तातडीच्या विषयासाठी शून्य प्रहर असतो.

म्हणून खासदार नवखे असोत की परभणीसारखे तिसऱ्यांदा निवडून आलेले, निवेदनात नुसते ‘न्याय द्या’ लिहून थांबू नका. नेमका प्रश्न लिहून द्या आणि अधिवेशनानंतर उत्तराची प्रत मागा.