‘न्यूनगंड’ : शब्दाचा अर्थ व वर्गातील वापर

शाळातपासणीच्या वेळी विद्यार्थ्यांच्या वर्णनात्मक नोंदी चाळताना ‘न्यूनगंड’ हा शब्द वारंवार आढळतो. मूल वर्गात बोलत नाही, न्यूनगंड. खेळात मागे राहते, न्यूनगंड. शब्द भारदस्त आहे, म्हणूनच तो कोठे लागू पडतो हे पाहणे इष्ट होय.

गंड म्हणजे गाठ. गंडमाळ या शब्दात तो आपल्या परिचयाचा आहेच. न्यूनगंडाची कल्पना व्हिएन्नाचे डॉक्टर आल्फ्रेड ॲडलर (१८७०–१९३७) यांची. ते प्रथम फ्रॉइड यांच्या मंडळात होते. १९११ साली मतभेदामुळे वेगळे झाले.

ॲडलर यांचे म्हणणे असे की, मूल मोठ्यांच्या मानाने लहान, दुबळे व परावलंबी असल्यामुळे न्यूनतेची भावना प्रत्येकाच्याच वाट्यास येते. ती रोग नव्हे. उलट चालू लागण्याची, अक्षर गिरविण्याची, थोरल्या भावंडाची बरोबरी करण्याची ओढ तिच्यातूनच निर्माण होते. परंतु शारीरिक व्यंग, अतिलाड किंवा हेळसांड यांमुळे ‘हे आपणास कधीच जमावयाचे नाही’ अशी मुलाची खात्री होऊन बसली आणि ते प्रयत्न सोडून सबबी शोधू लागले, म्हणजे त्या भावनेचा गंड झाला. बढाईखोर, दांडगे मूलही कित्येकदा हाच गंड झाकीत असते. आपण मात्र तो भित्र्या मुलातच शोधतो.

आता आपल्या वर्गातील मुले पाहा. घरी अहिराणी किंवा गोंडी बोलणारे मूल पहिलीत काही महिने गप्प राहते, कारण त्यास पुस्तकी मराठी अद्याप अवगत नसते. फळ्यावरचे न दिसणारे मूल उत्तर देत नाही. त्यास चष्मा हवा असतो. अशांच्या नावापुढे ‘न्यूनगंड’ लिहिले की भाषेची व डोळ्यांची चौकशीच थांबते. पुढील इयत्तेचा शिक्षक ती नोंद वाचून, दयाबुद्धीनेच म्हणा, त्यास प्रश्न विचारण्याचे टाळतो. आणि जो गंड नव्हता तो शाळेत तयार होऊ लागतो.

यास्तव नोंदीत निदान न लिहिता पाहिलेले वर्तन लिहावे : ‘पहिल्या ओळीत बसविल्यास फळ्यावरचे वाचतो’, ‘मैत्रिणीस अहिराणीत गोष्ट सांगते, वर्गापुढे सांगत नाही’. डोळे, कान व घरची भाषा यांची विचारपूस होऊनही मूल प्रत्येक नव्या कामापासून दूरच राहत असेल, तर प्रथम पालकांशी बोलावे व नंतर समुपदेशकाचा सल्ला घ्यावा.