ब्रुसेल्सचा कार्बन-हिशेब आणि कोनसरीची भट्टी

2025 च्या जुलैमध्ये गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यातल्या हेडरीपासून चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीपर्यंत सुमारे 85 किलोमीटरची स्लरी पाइपलाइन सुरू झाली. सुरजागडच्या लोहखनिजाची भुकटी पाण्यात कालवून या नळातून कोनसरीला येते. तिथे पाणी काढून तिच्या गोळ्या वळतात, भाजतात आणि पेलेट तयार होतात. त्याच वेळी 45 लाख टन क्षमतेच्या पोलाद कारखान्याची पायाभरणीही झाली. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, 1 जानेवारी 2026 ला, युरोपीय संघाचा सीमेवरचा कार्बन आकार, म्हणजे आयात मालाच्या उत्पादनातल्या कार्बन उत्सर्जनावरची आकारणी, पूर्ण रूपात लागू झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘सीबॅम’ म्हणतात. गडचिरोलीला ‘स्टील हब’ म्हणणाऱ्यांनी आणि त्याला विरोध करणाऱ्यांनीही हा कायदा नीट समजून घ्यायला हवा. त्याबद्दलचे गैरसमज दोन्ही बाजूंना आहेत.

“जर्मनी किंवा इटलीशी बोलून सवलत मिळवता येईल.”

नाही मिळणार. परराष्ट्र व्यापाराचे धोरण ठरवण्याचा अधिकार 27 सदस्य देशांनी संघाकडे सोपवला आहे. जकात आणि व्यापार करार सगळ्यांच्या वतीने संघच ठरवतो. या घडीला पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे आणि तिची सुरुवातच कोळसा व पोलादापासून झाली. जर्मनीत रूरचा कोळसा, सीमेपलीकडे फ्रान्समध्ये लॉरेनचे लोहखनिज, आणि त्यांच्यासाठी पुन्हा पुन्हा झालेल्या लढाया. चंद्रपूरचा कोळसा आणि गडचिरोलीचे लोहखनिज यांच्यामध्ये दोन शत्रुराष्ट्रांची सीमा असती तर काय झाले असते, याची कल्पना करून पाहा. 9 मे 1950 ला फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट शुमान यांनी कोळसा आणि पोलाद यांचे उत्पादन एका सामाईक अधिकाराखाली आणण्याचा प्रस्ताव मांडला. त्यातून आलेल्या 1951 च्या पॅरिस करारावर फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी सह्या केल्या.

हे एकत्रीकरण का टिकले, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. अर्न्स्ट हास यांनी 1958 मध्ये मांडले की एका क्षेत्रातले सहकार्य शेजारच्या क्षेत्रांना ओढून घेते. अँड्र्यू मोराव्हचिक यांनी 1998 मध्ये उलट सांगितले, की प्रत्येक सरकार आपापल्या आर्थिक हिताचा सौदा करत पुढे गेले. सीबॅमकडे पाहिले तर मला दोघेही खरे वाटतात. पोलादाची बाजारपेठ एक झाली म्हणून धुराचा हिशेबही एक करावा लागला, आणि तो करताना प्रत्येक देशाने आपले कारखाने सांभाळले.

“गडचिरोलीच्या मातीवरच कर बसला.”

कच्चे लोहखनिज सीबॅमच्या यादीत नाही. पेलेट आहेत, स्पंज आयर्न आहे, पोलाद आहे. चंद्रपूर जिल्ह्यातले सिमेंटही आहे. चंद्रपूरच्या ‘सेल’च्या फेरो अलॉय प्रकल्पात फेरोमँगनीज आणि सिलिकोमँगनीज दोन्ही बनते, त्यातले पहिले यादीत आहे, दुसरे वगळलेले आहे. उत्सर्जनाची प्रमाणपत्रे विकत घेऊन रक्कम भरायची ती युरोपातल्या आयातदाराने. आपल्या कारखान्याला ब्रुसेल्सचे बिल येणार नाही. आयातदार ते पैसे भाव पाडून वसूल करील किंवा दुसरीकडून माल घेईल, हे मात्र उघड आहे.

“पहिल्या वर्षी अडीच टक्केच आहे, घाबरायचे कशाला?”

हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज आहे. युरोप तिथल्या कारखान्यांना देत असलेले उत्सर्जनाचे मोफत परवाने 2034 पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करणार आहे. 2026 मध्ये त्यांतले अडीच टक्केच कमी होतात, आणि उरलेल्यांइतकी सूट आयात मालालाही मिळते. पण ही साडेसत्त्याण्णव टक्के सूट युरोपने ठरवलेल्या मानकावर मोजली जाते, आपल्या प्रत्यक्ष उत्सर्जनावर नाही.

समजण्यापुरते आकडे घेऊ. मानक टनामागे 1 टन कार्बन डायऑक्साइड आहे आणि आपल्या भट्टीतून 2 टन निघतात. 2026 मध्ये सूट मिळेल 0.975 टनाची, म्हणजे 1.025 टनाचे पैसे पहिल्याच वर्षी लागतील. जी भट्टी 1 टनातच काम भागवते तिला फक्त 0.025 टनाचे लागतील. युरोपच्या कार्बन बाजारात 2024 आणि 2025 मध्ये बहुतेक काळ टनाचा भाव 60 ते 80 युरो होता. फरक कुठे पडतो ते यावरून दिसेल.

आपली अडचण भट्टीच्या पोटातच आहे. स्पंज आयर्नच्या कलत्या, संथ फिरणाऱ्या किल्नमध्ये एका टोकाने खनिज आणि कोळसा सोडतात. आत हजार अंशांच्या आसपास तापमान असते. कोळशातला कार्बन खनिजातला प्राणवायू ओढून घेतो आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड होऊन धुराड्यातून जातो. लोखंड मागे उरते. म्हणजे इथला कोळसा नुसते इंधन नाही, तो रासायनिक क्रियेचा भाग आहे. नैसर्गिक वायूवर हेच काम बऱ्याच कमी उत्सर्जनात होते, पण वायू भारतात महाग आणि अपुरा. त्यामुळे कोळशाच्या शेजारी भट्ट्या उभ्या राहिल्या. चंद्रपूर जिल्ह्यातले घुग्घुस हे त्याचे जवळचे उदाहरण.

“चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची वीज वापरली म्हणून पोलाद फसणार.”

निदान आज तरी नाही. स्पंज आयर्न, फेरोमँगनीज आणि पोलाद यांच्यासाठी कारखान्यातले थेट उत्सर्जनच मोजले जाते. सिमेंटसाठी मात्र वापरलेल्या विजेचाही हिशेब द्यावा लागतो.

“आमचा माल देशातच खपतो, युरोपशी संबंध काय?”

समजा घुग्घुसचे स्पंज आयर्न दुसऱ्या गावच्या कारखान्याने वितळवले, तिसऱ्याने त्याचे बोल्ट केले आणि ते युरोपला गेले. बोल्टही यादीत आहेत, आणि त्यांच्या हिशेबात मूळ भट्टीचे उत्सर्जन धरले जाते. गिऱ्हाईक आकडा मागत मागत आपल्यापर्यंत येणारच. पडताळलेला आकडा नसेल तर मुद्दाम चढे ठेवलेले ठोक आकडे लागू होतात. एका मोठ्या बाजारपेठेचा नियम जगभर कसा पसरतो, यावर अनू ब्रॅडफर्ड यांनी ‘ब्रुसेल्स इफेक्ट’ या नावाने संशोधन मांडले आहे. त्याचे इतके जवळचे उदाहरण दुसरे नाही.

भारत आणि युरोपीय संघाच्या मुक्त व्यापार कराराने यातून सुटका होईल, हीदेखील भाबडी आशा आहे. 2007 ला सुरू होऊन 2013 ला खोळंबलेली आणि 2022 ला पुन्हा सुरू झालेली बोलणी 27 जानेवारी 2026 ला पूर्ण झाल्याची घोषणा झाली. करारात जकात कमी होते. सीबॅम कायम आहे.

“हे पर्यावरणप्रेम आहे, आपली हवा शुद्ध होईल.”

सीबॅम हरितगृह वायू मोजतो. रस्त्याकडेला साचणारी लाल धूळ, नाल्यात उतरणारा गाळ, खाणीसाठी तुटणारे झाड यांचा त्यात एक पैसाही नाही. चंद्रपूर 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अतिप्रदूषित यादीत आले, ते दुखणे आपल्यालाच निस्तरायचे आहे. जंगलतोडीविरुद्ध युरोपचा वेगळा कायदा आहे, पण तो सात वस्तूंपुरता आणि त्यांच्यापासूनच्या मालापुरता: गुरे, कोको, कॉफी, पामतेल, रबर, सोयाबीन आणि लाकूड. तेंदूपत्ता आणि मोहफूल त्यात नाहीत; बांबूपासूनचा कागदही वगळला आहे.

उलट, हा निव्वळ कावा आहे असेही म्हणता येत नाही. युरोपातले पोलाद कारखाने 2005 पासून कार्बन बाजारात आहेत. पण 2024 च्या सप्टेंबरमध्ये मारिओ द्रागी यांनी स्पर्धाक्षमतेवरच्या अहवालात तिथली वीज अमेरिकेच्या दोन-तीनपट महाग असल्याचे सांगितले. स्पर्धेत मागे पडण्याची धास्तीही या धोरणामागे आहे. ज्यांनी दोनशे वर्षे कोळसा जाळला त्यांनी एटापल्लीला तोच दर लावावा हा अन्याय आहे, असे माझे ठाम मत आहे. भारताने तो मुद्दा सोडू नये.

पण कायद्यातच एक वाट आहे. मूळ देशात भरलेली कार्बनची किंमत युरोपात वजा होते. भारताची कार्बन क्रेडिट योजना 2023 मध्ये अधिसूचित झाली. ती पोलादाला खरी किंमत लावील तितका पैसा ब्रुसेल्सऐवजी देशात राहील. 2024 च्या डिसेंबरमध्ये पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्याही केली: टनामागे 2.2 टनांपेक्षा कमी उत्सर्जन.

कोनसरीत 2025 मध्ये पाया घातलेला कारखाना 2034 मध्ये ऐन भरात असेल. म्हणून प्रत्येक भट्टीचा टनामागचा पडताळलेला आकडा आत्ताच जाहीर व्हावा. तो जनसुनावणीत ग्रामसभांनी मागावा आणि गोंडवाना विद्यापीठाने दरवर्षी तपासून मराठीत छापावा.