बार-एंड (सायकल)

बार-एंड हा सायकलच्या सरळ हँडलच्या टोकाला बसवला जाणारा, पुढच्या दिशेला निघालेला आखूड फाटा होय. तो जोडीने वापरला जातो आणि नेहमीच्या मुठीखेरीज हात ठेवण्यासाठी आणखी एक जागा उपलब्ध करून देतो. सरळ दांड्याच्या हँडलवर हात ठेवण्याची रीत एकच असते. बार-एंडमुळे त्या दोन होतात. तासन् तास सायकल चालवणाऱ्याच्या तळहाताच्या व बोटांच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. फाट्याचा कोन स्क्रू सैल करून बदलता येत असल्यामुळे तो प्रत्येकाच्या शरीराला जुळवून घेता येतो. मात्र फाट्यावर हात असताना ब्रेक बोटांच्या आवाक्यात नसतो. बार-एंडच्या वापराविषयीचे बहुतेक प्रश्न या दोन गोष्टींतून निर्माण होतात.

मराठीत या भागाला रूढ नाव नाही. आकारावरून त्याला शिंगांची उपमा दिली जाते व ती चपखल आहे. नामसाधर्म्यामुळे दोन वेगळ्या वस्तूंशी त्याची गल्लत होते. ‘बार-एंड शिफ्टर’ ही शर्यतीच्या सायकलीच्या वळणदार हँडलच्या टोकात बसवलेली गिअर बदलण्याची खिटी असते, तर ‘बार-एंड प्लग’ म्हणजे पोकळ दांड्याचे तोंड बंद करणारे बूच. या लेखाचा विषय असलेला फाटा या दोहोंपेक्षा वेगळा आहे.

हँडलचा आकार आणि हाताची ठेवण

मराठी वाचकाच्या परिचयाची जुनी काळी सायकल, म्हणजे दूधवाल्यांची आणि पोस्टमनची सायकल, घेतली तर तिचे हँडल मागे वळलेले दिसते. तिच्या मुठी धरल्यावर तळहात बरेचसे एकमेकांकडे वळतात, पाठ ताठ राहते व शरीराचा भार मुख्यतः सीटवर पडतो. अशा सायकलीला बार-एंडची गरज कधी भासली नाही. शर्यतीच्या सायकलीचे खाली वळलेले हँडलही या बाबतीत उदार असते: वरचा आडवा भाग, ब्रेकच्या खोबणीवरची जागा आणि खालचा बाक अशा किमान तीन ठिकाणी हात ठेवता येतात. अडचण होते ती डोंगरी सायकल व हायब्रिड सायकल यांच्या सरळ दांड्याची.

दोन्ही हात सैल सोडून सहजपणे पुढे उचलले तर तळहात एकमेकांसमोर येतात. हस्तांदोलनासाठी पुढे केलेल्या हाताची ठेवण तीच असते. सरळ दांडा धरण्यासाठी मात्र कोपरापुढचा हात फिरवून तळहात जमिनीकडे करावे लागतात. अर्ध्या तासाच्या फेरीत याने काही बिघडत नाही. चार-पाच तास हात त्याच स्थितीत राहिले, आणि वर पुढे वाकल्यामुळे धडाचा भारही त्यांवर आला, की मनगट मागे मुडपते, खांदे आखडतात व तळहाताच्या एकाच भागावर सतत दाब पडतो. बार-एंड धरल्यावर हात हस्तांदोलनाच्या स्थितीत येतो आणि दाब अंगठा व तर्जनी यांमधल्या भागाकडे सरकतो. ही स्थिती दिवसभर धरून ठेवण्याजोगी असते असा याचा अर्थ नव्हे. तीही काही वेळाने अवघडते. लाभ आहे तो आलटून-पालटून जागा बदलता येण्यात.

तळहातातील चेता

कोपर कशावर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, याचा अनुभव प्रत्येकाला असतो. त्या वेळी दुखावते ती अल्नर नावाची चेता. हीच चेता पुढे मनगटापाशी, करंगळीच्या बाजूने, एका अरुंद बोगद्यातून तळहातात शिरते. फ्रेंच शल्यचिकित्सक फेलिक्स गियाँ यांनी १८६१ मध्ये या बोगद्याचे वर्णन केले, म्हणून त्याला ‘गियाँची नलिका’ म्हणतात. तिच्या एका बाजूस वाटाण्याएवढे पिसिफॉर्म हे हाड असते, तर दुसऱ्या बाजूस हॅमेट या हाडाचा आकडा. मनगट मागे वाकवून तळहाताच्या टाचेवर भार दिला की तो भार नेमका या ठिकाणी येतो, आणि तेथे चेतेला संरक्षण देणारे स्नायूंचे जाड आवरण नाही.

हा दाब दीर्घकाळ राहिला तर करंगळी आणि अनामिकेची एक बाजू बधिर होते. रस्त्याच्या खडबडीतपणामुळे बसणारे हादरे त्यात भर घालतात. वैद्यकीय लेखनात या विकाराला सायकलस्वाराचा किंवा हँडलचा पक्षाघात असे नाव आहे. नाव भयंकर असले तरी बहुतेकांच्या बाबतीत विश्रांती व बदललेली ठेवण यांनी तो बरा होतो. परंतु चेतेच्या स्नायूंकडे जाणाऱ्या शाखेवर दाब आला तर बोटे फाकवणे, चिमटीत कागद घट्ट धरणे, शर्टाची गुंडी लावणे अशी साधी कामे कठीण होतात. अशा वेळी, किंवा बधिरता काही दिवसांत उतरली नाही तर, सायकलीचे सुटे भाग बदलत न बसता डॉक्टरांकडे जाणे आवश्यक असते. अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होत असल्यास दाब मीडियन या दुसऱ्या चेतेवर असण्याची शक्यता असते. ती मनगटाच्या मध्यातून, कार्पल टनेलमधून जाते.

लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीत हा प्रश्न नेहमीचा आहे. ‘ब्रेव्हे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, ठरावीक वेळेत अंतर पुरे करण्याच्या उपक्रमांत २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, तर ६०० किलोमीटरसाठी ४० तासांची मुदत असते. मुंबई, पुणे व नाशिक येथेही असे ब्रेव्हे होतात. त्यांत सरळ हँडलची हायब्रिड सायकल घेऊन उतरणाऱ्याचे हात एकाच जागी किती वेळ राहतील, हे या आकड्यांवरूनच कळते.

सर्व दोष हँडलला देणेही योग्य नाही. सीट पुढे कलली असेल, हँडल फार दूर वा फार खाली असेल, तर शरीर पुढे घसरत राहते व हातांवर अवाजवी भार येतो. असा भार मुळात कमी केल्याशिवाय बार-एंड लावले तर बधिरता केवळ उशिरा सुरू होते.

रचना

बार-एंडचे मुख्य भाग दोन: दांड्याला आवळणारी कडी आणि तिच्यातून निघालेला फाटा. सरळ हँडलच्या टोकाचा बाह्य व्यास सामान्यतः २२.२ मिलिमीटर असतो व कडी त्याच मापाची असते. कडीला एक चीर ठेवलेली असते; षटकोनी खाचेचा स्क्रू ॲलन कीने आवळला की चीर मिटते आणि कडी घट्ट बसते. फाटा बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. महागड्या प्रकारांत कार्बन तंतूंचा, तर स्वस्त प्रकारांत पोलादाचा असतो. लांबी अंगठ्याएवढ्या खुंटापासून सुमारे १५ सेंटिमीटरपर्यंत आढळते. काही फाटे सरळ असतात, काहींची टोके आत वळलेली असतात. काहींवर रबराचे आवरण असते, आणि उघड्या धातूपेक्षा ते हातमोज्याशिवायही बरे वाटते. जर्मनीतील एर्गॉनसारख्या काही उत्पादकांनी पसरट मूठ व आखूड फाटा यांची एकत्र जोडणी केलेले प्रकारही काढले आहेत.

कडी वरकरणी किरकोळ दिसली तरी सर्व ताण तिच्यावर असतो. फाट्याचे टोक दांड्याच्या मध्यापासून १२ सेंटिमीटर दूर आहे असे धरू. दांड्याची त्रिज्या केवळ ११.१ मिलिमीटर आहे. म्हणजे टोकाशी जितका जोर लावावा, त्याच्या जवळजवळ अकरापट घर्षण कडीला दांड्याच्या पृष्ठभागावर निर्माण करावे लागते. तेवढे घर्षण नसेल तर फाटा गर्रकन फिरतो, आणि तो फिरतो ते नेमके पूर्ण भार दिलेला असताना. त्यामुळे बसवल्यावर सायकल उभी धरून दोन्ही फाट्यांवर अंगाचा भार देऊन पाहण्याची पद्धत आहे. उलट, स्क्रू वाजवीपेक्षा जास्त आवळल्यास पातळ दांडा चेपतो. त्यासाठी उत्पादकाने न्यूटन-मीटरमध्ये दिलेली मर्यादा पाळावी लागते. कार्बनच्या दांड्यात चेपण्याऐवजी बारीक भेग पडते व ती बाहेरून दिसत नाही. म्हणून दांड्याच्या उत्पादकाने स्पष्ट अनुमती दिली असेल तरच, आणि सांगितले असल्यास दांड्याच्या आत आधाराचे बूच घालून, त्यावर बार-एंड बसवतात.

कोन आणि जागा

कडीसाठी दांड्याच्या टोकाशी सुमारे दोन सेंटिमीटर जागा मोकळी करावी लागते. त्यासाठी मूठ, ब्रेकची दांडी व गिअरची खिटी ही सर्व तेवढीच आत सरकवतात. मुठीचे टोक बंद असल्यास ते कापावे लागते. रबरी मूठ ताणून, तिच्यावरच कडी आवळण्याचा सोपा मार्ग काही जण पत्करतात. तो धोक्याचा आहे, कारण रबरावर कडीची पकड टिकत नाही.

कोनाबद्दल सर्वांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. प्रारंभ म्हणून फाटे जमिनीशी समांतर रेषेपासून १० ते ३० अंश वर ठेवतात. सीटवर बसून फाटा धरला असता कोपरापासून बोटांच्या सांध्यांपर्यंत हात एका रेषेत असावा, मनगट वरखाली मुडपू नये, हा निकष आकड्यापेक्षा अधिक उपयोगी आहे. स्क्रू किंचित सैल ठेवून, फाटे धरून, मनगट सरळ असतानाच ते आपोआप कोठे स्थिरावतात हे पाहिले की कोन सापडतो. दोन्ही बाजू सारख्या आहेत ना, हे समोर उभे राहून तपासावे लागते. फाटे सरळ आकाशाकडे रोखलेल्या सायकली रस्त्यावर पुष्कळ दिसतात. त्या ठेवणीत मनगट वाकते, चढावर ओढ घेता येत नाही, आणि मूळ हेतूच बाजूला राहतो.

चढावरील उपयोग

बार-एंड लोकप्रिय झाले ते हाताच्या आरामापेक्षा चढासाठी. तीव्र चढावर बसून पॅडल मारताना भार मागच्या चाकावर जातो व पुढचे चाक हलके होऊन उचलले जाते किंवा भरकटते. हात दहा सेंटिमीटर पुढे गेले की छातीही पुढे झुकते आणि पुढच्या चाकावर पुरेसा भार राहतो. उभे राहून चढताना उजव्या पॅडलच्या दाबाला उजव्या हाताच्या वरच्या ओढीने तोल मिळतो. ही ओढ हस्तांदोलनाच्या ठेवणीत अधिक स्वाभाविकपणे घेता येते. घाटात पायी चढताना काठी जशी उभी धरतो, आडवी नाही, तसेच हे आहे. समोरून जोराचा वारा असता फाटे धरून किंचित खाली वाकण्याचाही उपयोग होतो, पण तो मर्यादित.

ब्रेक व इतर धोके

बार-एंडचे सर्वांत मोठे न्यून म्हणजे ब्रेकपासूनचे अंतर. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात सुमारे सात मीटर जाते. हात फाट्यावरून ब्रेकवर आणण्यास अर्धा सेकंद लागला, तरी ब्रेक लागण्यापूर्वीच साडेतीन मीटर अंतर कापलेले असते. गर्दीचा रस्ता, उतार, चौक, सायकलस्वारांचा घोळका अशा ठिकाणी हात मुठीवरच असणे म्हणूनच आवश्यक आहे. गिअरच्या खिट्याही फाट्यावरून पोचत नाहीत.

झाडीतील अरुंद वाटेवर बाहेर आलेला सरळ फाटा फांदीत अडकून हँडल एकाएकी वळवू शकतो. आत वळलेल्या टोकांचे फाटे काढण्यामागे हे एक कारण होते. टोकावरील बूच हरवले असल्यास पोकळ नळीची धार उघडी पडते. हँडलच्या टोकावर पोट आपटून मुलांच्या यकृत, प्लीहा व स्वादुपिंड यांना इजा झाल्याच्या नोंदी शल्यचिकित्सेच्या साहित्यात आहेत. बाहेरून त्वचेवर केवळ गोल वळ दिसतो व आतील दुखापत उशिरा लक्षात येते. लहान मुलांच्या सायकलीला शोभेसाठी बार-एंड लावणे या दृष्टीने अनुचित ठरते. दांड्याच्या व फाट्याच्या टोकांची बुचे मात्र प्रत्येक सायकलीला हवीतच.

इतिहास

डोंगरी सायकलीचा उगम १९७०च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या मरिन परगण्यात झाला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस या सायकलींची हँडले सरळ व अरुंद झाली आणि हँडलला सायकलीच्या सांगाड्याशी जोडणारा स्टेम लांब झाला. अशा मांडणीवर बार-एंड उत्तम जुळले. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात शर्यतीच्याच नव्हे, तर साध्या डोंगरी सायकलींवरही ते सर्रास दिसू लागले. अमेरिकेच्या ओंझा कंपनीचे बार-एंड त्या काळी विशेष प्रसिद्ध होते. पुढे धक्के शोषणारे पुढचे फोर्क आले, हँडले मध्यापासून वर उचललेली व रुंद झाली, स्टेम आखूड झाले. पूर्वी ६० सेंटिमीटरच्या आत असणारा दांडा आज डोंगरी सायकलीवर ७५ ते ८० सेंटिमीटरपर्यंत असतो. त्याच्या टोकाला फाटे लावल्यास हात अवघडण्याइतके फाकतात. फॅशन पालटली हेही खरेच, पण बार-एंड मागे पडण्याचे मुख्य कारण भूमितीचे आहे. प्रवासी व हायब्रिड सायकलींवर ते टिकून राहिले.

रुंद दांड्यावरची ही अडचण टाळण्यासाठी फाटे मुठींच्या आतल्या बाजूस, ब्रेकच्या दांडीलगत, बसवण्याचा प्रकार पुढे आला. त्यात हात खांद्यांच्या रुंदीएवढे जवळ येतात. काही मांडण्यांत एखादे बोट ब्रेकपर्यंत पोचते. मात्र हात जवळ आल्यामुळे हँडलवरील नियंत्रण थोडे कमी होते.

शर्यतींतील नियम

पुढे हात नेण्याच्या जोडांचे दुसरे कुळ वाऱ्याचा रोध कमी करण्यासाठी निर्माण झाले. त्यांत कोपर टेकवून हात समोर एकत्र ठेवतात. २३ जुलै १९८९ रोजी टूर द फ्रान्सच्या अखेरच्या दिवशी, व्हर्साय ते पॅरिस या २४.५ किलोमीटरच्या एकेकट्याने धावण्याच्या टप्प्यात, ग्रेग लेमाँड याने असे हँडल वापरले. टप्प्यापूर्वी तो लोराँ फिन्याँच्या ५० सेकंद मागे होता. अखेरीस ८ सेकंदांनी जिंकला. एकट्याच्या शर्यतीत ब्रेक दूर असणे फारसे बाधत नाही. घोळक्यात मात्र ते सर्वांनाच भोवते. इटलीच्या चिनेली कंपनीने काढलेले ‘स्पिनाची’ हे आखूड जोड १९९०च्या दशकात घोळक्याच्या शर्यतींतही वापरले जाऊ लागले, तेव्हा आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने त्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांवर बंदी घातली. १ एप्रिल २०२१ पासून याच संघटनेने, जोड नसतानाही, साध्या हँडलवर कोपरापुढचा हात टेकवून सामूहिक शर्यत चालवण्यास मनाई केली आहे.