यंत्रमानवाचा तोल

वर्धा जिल्ह्यातील पुलगावला सैन्याचे मोठे दारूगोळा भांडार आहे. 20 नोव्हेंबर 2018 रोजी तेथून जवळच, जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या जागी स्फोट होऊन सहा माणसे मृत्युमुखी पडली. असले काम यंत्रमानवावर सोपवावे, असे कोणालाही वाटेल. पण स्फोटक हातात असताना तोच कोलमडला तर?

चित्रकथांतला यंत्रमानव ताडमाड उंच असतो. प्रत्यक्षात तसे यंत्र अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या राल्फ मोशर यांनी 1960 नंतरच्या दशकात सैन्यासाठी करून पाहिले. उंची सुमारे 3 मीटर, पाय चार! आत बसलेला चालक आपल्या हातापायांनी ते पाय हलवी. तोल सांभाळता सांभाळता बिचारा थकून जाई. सैन्याने ते यंत्र वापरात घेतलेच नाही.

भिंतीला पाठ आणि टाचा टेकून उभे राहा. आता गुडघे न वाकवता समोर जमिनीवरचे पुस्तक उचलून पाहा. जमत नाही ना? गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेषा पावलांच्या पुढे गेली, की तुम्ही उलथता. चालताना तर पाय उचलावाच लागतो. तेवढा वेळ टेकू आणखी लहान होतो.

म्हणूनच पुण्याजवळ दिघीच्या संरक्षण प्रयोगशाळेत घडलेला, 2011 मध्ये सैन्याला मिळालेला, बॉम्ब हाताळणारा 'दक्ष' बुटका आणि चाकांचा आहे. तो जिनाही चढतो. मात्र हात लांबवून वजन उचलले, की त्याचाही गुरुत्वमध्य पुढे सरकतो. जिना उतरताना अधिकच. अशा यंत्राच्या चाचणीत पाहायचे ते हेच, की कितव्या अंशाला मागचे चाक जमीन सोडते. अर्थात हातात स्फोटक नव्हे, तेवढ्याच वजनाची रेतीची पिशवी देऊन!