केसाची जाडी किती?

मराठवाड्यातील चिकलठाणा एमआयडीसीतल्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये साचे आणि डाय बनवण्याचे शिक्षण मिळते. अशा कामात बारीक जाडी मोजायला रोज हाताळावे लागणारे साधन म्हणजे मायक्रोमीटर. १८४८ साली फ्रान्सच्या झाँ लोराँ पामर यांनी त्याचे पेटंट घेतले.

त्यामागचे तत्त्व सोपे आहे. त्यातल्या स्क्रूचा एक पूर्ण फेरा झाला की तो अर्धा मिलिमीटर पुढे सरकतो. फिरणाऱ्या नळीवर ५० खुणा असतात, म्हणून एक खूण म्हणजे ०.०१ मिलिमीटर. माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे तोही यात मोजता येतो. टोकाचा रॅचेट दाब सारखा ठेवतो, नाहीतर जोराने पिळल्यास माप कमी येते.

मापावर उन्हाचाही परिणाम होतो. लांबीच्या मापनासाठी जगभर २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान मानतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा ४० वर गेला, तर १०० मिलिमीटरचा पोलादी तुकडा सुमारे ०.०२ मिलिमीटरने वाढतो. म्हणून अचूक मोजमापाची खोली वातानुकूलित ठेवतात.

घरी मायक्रोमीटर नसला तरी अडत नाही. वहीची १०० पाने घट्ट दाबून पट्टीने मोजा आणि आलेल्या मापाला १०० ने भागा. एका पानाची जाडी मिळेल. मुलांना हा प्रयोग जरूर करू द्या. अचूकतेची गोडी अशीच लागते.