घर बदलताना नाणेसंग्रह कसा न्याल?



बदलीची ऑर्डर हातात पडली की डोळ्यांसमोर आधी काय येतं? भांडी, गॅस, कपाट, मुलांचा शाळाप्रवेश. नाण्यांचा डबा कुणाच्या ध्यानात राहतो? माझ्याही राहिला नव्हता. आजोबांनी जमवलेली नाणी कागदाच्या पुड्यांमध्ये होती आणि प्रत्येक पुडीवर त्यांनी चार शब्द लिहिले होते. सामान बांधायच्या गडबडीत मी पुड्या सोडल्या आणि सगळी नाणी एका स्टीलच्या डब्यात ओतली. नवीन घरी मोजली तर एकही कमी नव्हतं. पण त्यातला आजोबांच्या पहिल्या पगारातला रुपया कोणता, हे आता कुणालाच सांगता येत नाही. पुड्या कचऱ्यात गेल्या होत्या.

म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. संग्रह म्हणजे नाणी आणि त्यांची माहिती. दोन्ही सोबतच न्यायचं.

१) आधी यादी करा

एका वहीत रकाने आखा : क्रमांक, किंमत, वर्ष, धातू, कुणाकडून मिळालं. प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचा मोबाईलवर फोटो काढा. वही एका ठिकाणी आणि फोटोंची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. जुन्या चिठ्ठ्या, पुड्या फाटक्या असल्या तरी टाकू नका.

२) नाणी घासू नका

नवीन घरी चकचकीत दिसावीत म्हणून चिंच, लिंबू, राख किंवा भांड्यांची पावडर लावायचा मोह होतो. कृपया टाळा. तांब्याच्या शिवराईवर काळानुसार जो तपकिरी थर चढतो, तो मळ नसतो. घासल्यावर तो जातो, अक्षरं झिजतात आणि संग्राहकांच्या दृष्टीने नाण्याची किंमत उतरते. नाणं नेहमी कडेने धरा. बोटांच्या घामाचे डाग पुढे कायमचे राहतात.

३) बांधायचं कसं?

एका नाण्याला एक कागदी पाकीट, हा साधा नियम. पाकिटावर यादीतला क्रमांक आधी लिहा, मग नाणं आत घाला. जुने ॲल्युमिनियमचे दोन-तीन पैसे फार मऊ असतात. जड नाण्यांबरोबर ते एकत्र टाकले तर लगेच ओरखडे पडतात.

रबरबँड लावू नका. त्यातल्या गंधकामुळे चांदी काळी पडते. वर्तमानपत्राचा कागदही नको. वास येणाऱ्या मऊ पीव्हीसीच्या पिशव्यांमुळे काही वर्षांनी नाण्यांवर हिरवट चिकट थर येतो, त्याही टाळा.

पाकिटं छोट्या खोक्यात उभी लावा आणि मोकळ्या जागेत कोरा कागद कोंबा. खोकं हलवून बघा. खुळखुळ आवाज आला तर अजून कागद भरा.

खोकं छोटंच घ्या, कारण नाणी जड असतात. पंचम जॉर्जचा चांदीचा एक रुपया ११.६६ ग्रॅमचा. असे ३०० रुपये म्हणजे जवळजवळ साडेतीन किलो! मोठं खोकं तळातून फाटतं.

४) प्रवासात

हे खोकं टेम्पोत टाकू नका, स्वतःजवळ ठेवा. वर 'जुनी नाणी' असं लिहू नका, 'शाळेच्या वह्या' लिहा. सामान हलवायच्या दिवशी घरात दहा माणसांची ये-जा असते. संग्रह मोलाचा असेल तर तेवढे दिवस बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. परदेशी जाणाऱ्या कुटुंबांनी मात्र सावध राहावं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी देशाबाहेर नेता येत नाहीत.

५) नवीन घरी

बाहेरच्या भिंतीला लागून, बाथरूमशेजारी किंवा स्वयंपाकघरात नाणी नकोत. नवं प्लायवूड आणि ताज्या रंगाची वाफही धातूला बाधते, म्हणून तिथे लगेच ठेवू नका. खोक्यात सिलिका जेलची पुडी टाका. पावसाळ्यात ती अधूनमधून बदला. शेवटी यादी हातात घेऊन एकेक नाणं ताडून बघा.

वर्गासाठी उपक्रम

यादीचं काम मुलांना द्या. आजच्या नाण्यांवर वर्षाच्या खाली टांकसाळीची खूण शोधायला सांगा : चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. वजनाची गणितं होतात, आणे-पैसे कळतात. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, हे मूल मग पाठ करत नाही, हातात धरून बघतं.

आणि घरात आजी-आजोबा असतील तर यादीचा शेवटचा रकाना त्यांच्याजवळ बसूनच भरा. माझ्या वहीत एका रुपयापुढची ती जागा अजून कोरीच आहे.