आजची नाणी उद्या लाखात जातील का?



परवा एका ताईंचा फोन आला. बचत गटातून त्यांना ५० हजारांचं कर्ज मंजूर झालंय. पापडाचं मशीन घ्यायचं ठरलं होतं, पण भाचा म्हणतोय, "आत्या, मशीन कशाला? सरकारी स्मारक नाणी घेऊन ठेव, दहा वर्षांत लाखो होतील." ताईंचा प्रश्न एकच: "सर, खरंच होतात का हो?" व्हिडिओत मी या विषयाला जेमतेम दोन मिनिटं दिली होती, म्हणून आज जरा सविस्तर.

आधी कचरा बाजूला काढू. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच किंवा दहा रुपयांचं नाणं लाखात जातं, असे मेसेज तुम्हालाही आले असतील. ती नाणी २०१२ ची आहेत, चलनात आलेली आहेत, आणि आजही अनेकांच्या गल्ल्यात सापडतात. लाख रुपये देणारा गिऱ्हाईक मात्र कुणालाच सापडत नाही. सापडतो तो "आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा" म्हणणारा. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर सांगितलंय, की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहाराशी तिचा संबंध नाही आणि ती त्यासाठी फी किंवा कमिशन मागत नाही. विकणाऱ्याकडूनच पैसे मागणारा खरेदीदार दिसला की फोन ठेवायचा. विषय संपला.

आता खरा मुद्दा. नाणं जुनं झालं म्हणून महाग होत नाही. घेणारे जास्त आणि चांगल्या अवस्थेतले नग कमी, तेव्हाच भाव येतो. आजीच्या डब्यातला तीन पैशांचा षटकोनी ॲल्युमिनियमचा तुकडा आठवतोय? १९६४ पासूनचं नाणं. ३० जून २०११ ला पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली, तसं तेही गेलं. तरी आज बाजारात ते स्वस्तात मिळतं, कारण पाडलीच होती भरमसाट.

आणि जे नाणं सगळेच जपून ठेवतात, ते तर दुर्मिळ व्हायचं नावच घेत नाही. अमेरिकेत १९५० साली डेन्व्हर टांकसाळीत पाच सेंटची नाणी फक्त २६ लाखांच्या आसपास पाडली गेली. त्यांच्या मानाने ही संख्या फारच कमी. बातमी फुटली आणि लोकांनी रोलच्या रोल घरात कोंबले. साठच्या दशकात भाव चढला, मग सगळेच विकायला निघाले आणि धाडकन खाली आला. आजही ती नाणी अगदी कोरी मिळतात, कारण कुणी वापरलीच नाहीत!

आता उलट बाजू बघा. ब्रिटनमध्ये २००९ ला क्यू गार्डन्सचं चित्र असलेलं ५० पेन्सचं नाणं आलं, फक्त २ लाख १० हजार. तेव्हा फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही, लोकांनी दुकानात देऊन टाकलं. संख्या किती कमी आहे ते पुढे कळलं, आणि आज त्याला शंभर पौंडांहून जास्त मिळतात. माझं स्पष्ट मत आहे: ज्या नाण्याची जाहिरात "दुर्मिळ" म्हणून होते, ते घेऊन श्रीमंत होण्याची शक्यता कमी. उद्याचं दुर्मिळ नाणं बहुधा आज कुणाच्या तरी चहाच्या बिलात जातंय.

मग स्मारक नाण्यांचं काय? नव्या संसद भवनाचं २०२३ चं ७५ रुपयांचं नाणं घ्या. वजन ३५ ग्रॅम, त्यात निम्मी चांदी, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. अशी नाणी चलनासाठी नसतात. टांकसाळ ती विकते तीच चांदीच्या किमतीच्या वर, आणि घेणारा प्रत्येक जण डबीसकट कपाटात ठेवतो. अमेरिकेत झालं तेच. "निदान चांदी तरी आहे ना?" असं विचाराल, तर नाणे अधिनियम २०११ नुसार नाणं वितळवणं हा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे चांदीचा भाव वाढला तरी तो पदरात पाडायला तुम्हाला संग्राहकच शोधावा लागणार. हौस म्हणून एखादं जरूर घ्या, सुंदर असतात. भांडवल म्हणून नको.

हिशोब करू. ५० हजार ७ टक्के चक्रवाढीने दहा वर्षांत जवळपास दुप्पट होतात, काहीही न करता. नाण्यांचा व्यापारी तुमच्याकडून घेताना स्वतःचा नफा सोडून घेणार. बाजारभावाच्या ७० टक्के दिले असं धरू. मग नुसत्या बरोबरीत राहायला भाव जवळजवळ तिप्पट व्हायला हवा. ताईंचं तर कर्ज आहे. हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू, आणि नाणं दहा वर्षं कपाटात गप्प बसणार.

अजून एक गोष्ट मला खटकते. नाण्यांचा छंद सुरू होतो तो सुट्ट्या पैशांतून. लहानपणी मूठभर चिल्लरीत वेगळं नाणं दिसतं तिथून. आता दहा रुपयांची कोथिंबीरसुद्धा यूपीआयने. वीस वर्षांनी संग्राहक वाढतील की कमी होतील? कुणी छातीठोकपणे "वाढतील" म्हणालं, तर समजा तो काहीतरी विकतोय.

पण यात धंदाच नाही असं नाही बरं का. धंदा भाव वाढायची वाट बघण्यात नाही, निवडून देण्यात आहे. नाण्यावर सालाखाली टांकसाळीची खूण असते: मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याला काहीच नाही. संग्राहकाला एकाच सालाची चारही हवी असतात आणि त्याचं एखादं हमखास अडलेलं असतं. ज्याच्या हातून रोज चिल्लर जाते, असा किराणावाला किंवा पानवाला रात्री गल्ला मोजताना हे काम करू शकतो. भांडवल एक भिंग आणि नाण्यांचा अल्बम. नाणं पसंत पडलं नाही तर दर्शनी किंमत शाबूत, उद्या खर्च करा! पुण्याच्या जुन्या बाजारात एक चक्कर मारा. काही विकत घेऊ नका, नुसतं विचारत फिरा, की कोणतं नाणं लोक मागतात आणि मिळत नाही.

आणि हो, नाणं चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका. चकाकेल, पण संग्राहक हातात घेऊन परत ठेवून देईल.

ताईंना मी विचारलं, पापडाची ऑर्डर आहे का हातात? म्हणाल्या, दोन दुकानं आणि एक मेसवाला तयार आहे. मशीनचं कोटेशन आणि त्या तिघांचा महिन्याचा माल किलोत लिहून पाठवा म्हटलंय. आलं की त्यावरच पुढचा व्हिडिओ करतो.